राणीची बाग कशी पाहावी?

मुंबई पाहायला गेलेली मंडळी राणीची बाग पाहिल्याशिवाय सहसा परत येत नाहीत. गावी आल्यावर शेजारीपाजारी विचारतात, "काय हो, वाघ पाहिला का? पाणघोडा पाहिला का?" पाहुणे सांगतात, "पाहिला. पण मेला झोपला होता. उठेचना!"

असे का होते? वाघ आळशी असतो म्हणून नव्हे. आपण भलत्या वेळी जातो, घाईने पाहतो आणि पाटी वाचत नाही म्हणून. कोणी वाघाला उठवायला आरडाओरडा करतात. कोणी माकडापुढे वेफर टाकतात. त्यात वाईट हेतू नसतो. पण त्यामुळे मुकी जनावरे आजारी पडतात. कधी मरतातसुद्धा. बाग पाहणे हीदेखील एक विद्या आहे. ती या पाठात शिकू या.

बाग कोणाची, राणी कोणती?

ही बाग मुंबईत भायखळ्याला आहे. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी ती लोकांसाठी खुली झाली. त्या वेळी सर बार्टल फ्रियर हे मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या पत्नी लेडी फ्रियर यांच्या हस्ते बाग उघडली. तेव्हा आपल्यावर इंग्रजांचे राज्य होते. इंग्लंडच्या राणीचे नाव व्हिक्टोरिया. तेच नाव बागेला दिले, 'व्हिक्टोरिया गार्डन्स'. एवढे लांब इंग्रजी नाव लोकांच्या जिभेवर कुठले बसणार? लोक म्हणू लागले, 'राणीची बाग'.

स्वातंत्र्यानंतर बागेचे नाव बदलले. आता तिचे नाव 'वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान' असे आहे. पण टॅक्सीवाल्याला "राणीची बाग" म्हटले तरी तो बरोबर नेऊन सोडतो.

पहिल्यांदा इथे वाघसिंह नव्हते, बरं का. बाग झाडांची होती. शेती आणि बागाईत सुधारावी म्हणून काम करणारी एक संस्था होती. तिने देशोदेशींची झाडे आणून इथे लावली. १८७३ साली बाग मुंबई नगरपालिकेच्या ताब्यात आली. १८९० साली बागेला आणखी १५ एकर जागा जोडली आणि तिथे प्राणी ठेवू लागले. आज सारी बाग सुमारे ५० एकरांची आहे. आपल्याकडे एखाद्या मोठ्या बागाईतदाराची जमीन असावी, तेवढी.

केव्हा जावे, कसे जावे?

मध्य रेल्वेच्या भायखळा स्टेशनवर उतरावे. पूर्वेच्या बाजूने बाहेर पडावे. तेथून दहा-पंधरा मिनिटे चालले की बाग येते. वाट चुकली तर कोणालाही विचारावे.

दर बुधवारी बाग बंद असते. पुष्कळ लोक लांबून येतात आणि बंद फाटक पाहून परत जातात. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग त्या दिवशी उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. तिकिटाचे दर आणि वेळ फाटकापाशी लिहिलेली असते. ती आपण स्वतः वाचावी. कोणा दलालाला विचारायची गरज नाही.

आता वेळेविषयी. भर दुपारी जाऊ नये. उन्हात आपण तरी काय करतो? बैलसुद्धा झाडाखाली बसून रवंथ करतो. वाघ तर दिवसाचा बराच वेळ झोपून काढतो. त्याचे शिकारीचे काम संध्याकाळी, रात्री आणि पहाटे चालते. म्हणून सकाळी बाग उघडताच जावे, किंवा ऊन कलल्यावर जावे. तेव्हा जनावरे हिंडताना, खाताना, खेळताना दिसतात.

आणखी एक गोष्ट. सगळी बाग एका तासात उरकू नये. दहा पिंजऱ्यांपुढून धावण्यापेक्षा चार ठिकाणी दहा-दहा मिनिटे उभे राहावे. जनावर पाहायला डोळ्यांइतकाच धीरही लागतो.

पाटी आधी वाचा

प्राण्याच्या जागेपुढे पाटी असते. पुष्कळ लोक पाटीकडे पाठ करून उभे राहतात आणि एकमेकांना विचारतात, "हे कोणतं जनावर?" तुम्हांला आता वाचता येते. तुमची मुले बरोबर असतील, तर ती विचारतील, "बाबा, काय लिहिलंय?" "आई, हा कुठून आला?" त्यांना पाटी वाचून दाखवा. यापरता दुसरा आनंद नाही.

अशा पाट्यांवर काही शब्द पुन्हा पुन्हा येतात. ते समजून घ्या. 'आढळ' म्हणजे ते जनावर मूळचे कुठे सापडते ती जागा. 'आहार' म्हणजे ते काय खाते. 'आयुर्मान' म्हणजे ते किती वर्षे जगते. 'गर्भकाळ' म्हणजे पिलू आईच्या पोटात किती दिवस राहते. वाघिणीचा गर्भकाळ सुमारे साडेतीन महिने असतो. पाणघोड्याच्या मादीचा सुमारे आठ महिने. आपली गाय साधारण नऊ महिने गाभण राहते. हत्तीण मात्र सुमारे बावीस महिने पिलाला पोटात वागवते! एवढीशी पाटी, पण तिच्यात एका जनावराची सारी कुंडली असते.

आणि शेवटी एक ओळ ठळक अक्षरांत असते : 'प्राण्यांना खाऊ घालू नये.' ही ओळ सगळ्यांत महत्त्वाची. ती का लिहिली आहे, ते आता पाहू.

"एक केळं दिलं तर काय बिघडलं?"

कोणी म्हणेल, "अहो, मुक्या जनावराला घास घालणं हे पुण्य आहे. आम्ही गाईला घास घालतो, मुंगीला साखर घालतो. मग हरणाला पोळी दिली तर काय बिघडलं?"

प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर शेतकऱ्याला चटकन पटेल. समजा, तुमचा बैल दावे तोडून ज्वारीच्या राशीत शिरला आणि पोटभर दाणे खाऊन बसला. मग काय होते? त्याचे पोट ढोलासारखे फुगते. तो रवंथ करीत नाही, उठत नाही. वेळेवर इलाज झाला नाही तर बैल जातो. हे का होते? गाय, बैल, हरीण, सांबर या सगळ्यांच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिल्या मोठ्या कप्प्यात बारीक जंतू असतात. ते गवत कुजवून पचवायला मदत करतात. हे जंतू गवताला सरावलेले असतात. एकाएकी पाव, भात, पोळी, मिठाई पोटात गेली, की ती भराभर आंबते. पोटात आम्ल वाढते आणि जंतू मरतात. मग पचन बंद पडते.

तुम्ही एकच पोळी द्याल हो. पण सुट्टीच्या दिवशी बागेत हजारो माणसे येतात. प्रत्येकाने एकेक घास टाकला तर त्या हरणाचे काय होईल?

खाऊपेक्षा खाऊची पिशवी अधिक वाईट. खारट वेफरची रिकामी पिशवी जनावराला खाण्यासारखी लागते. ते ती गिळते. प्लॅस्टिक पचत नाही, आणि रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातून सहज बाहेरही पडत नाही. ते आतच साठते, त्याचा गोळा होतो. पोट भरलेले वाटते, पण अंगी काही लागत नाही. जनावर खंगत जाते. शहरातल्या मोकाट गाईंच्या पोटातून डॉक्टर असे गोळे काढतात, हे तुम्ही ऐकले असेल. बागेतल्या हरणालाही तोच धोका असतो.

माकडाची गोष्ट थोडी निराळी. माकडाचे शरीर आपल्या शरीराच्या जवळचे. त्यामुळे आपले काही रोग त्यालाही होतात. क्षय हा त्यांतला एक. आपण अर्धे खाल्लेले फळ त्याच्याकडे फेकले, तर फळाबरोबर आपला रोगही जातो. माकडच कशाला? २०२१ साली हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयात आठ सिंहांना कोरोनाची लागण झाली होती. म्हणून सर्दी-खोकला असेल तर जनावराच्या अगदी जवळ जाऊ नये.

बागेतले जनावर उपाशी नसते. त्याला काय द्यायचे, किती द्यायचे, हे पशुवैद्य ठरवतात. रखवालदार ते मापून घालतो. आपल्या देशातल्या बहुतेक प्राणिसंग्रहालयांत वाघसिंहांना आठवड्यातून एक दिवस जेवण देत नाहीत. जणू त्यांची एकादशीच! जंगलात वाघाला रोज शिकार मिळत नसते. त्याचे पोट तसेच घडलेले असते. उपवासाने त्याची प्रकृती ठीक राहते. तेव्हा आपण वरून दया दाखवायची गरज नाही.

पाणघोडा तोंड का उघडतो?

पाणघोडा हा मूळचा आफ्रिकेतला. नाव पाणघोडा, पण त्याचे घोड्याशी काही नाते नाही. मोठा पाणघोडा दीड ते तीन टन भरतो. दिवसा तो पाण्यात डुंबत असतो. कारण त्याची कातडी उन्हात लवकर सुकते. तिच्यातून लालसर चिकट रस पाझरतो. लोकांना वाटते, त्याला रक्ताचा घाम आला. ते रक्त नव्हे आणि घामही नव्हे. तो रस त्याच्या कातडीला उन्हापासून जपतो. जंगलात रात्र झाली की पाणघोडे बाहेर येऊन गवत चरतात.

पाणघोड्याने आ वासला की लोक ओरडतात, "खायला मागतोय!" आणि हातात असेल ते तोंडात फेकतात. पण तो मागत नसतो. तोंड उघडून तो आपले सुळे दाखवतो आणि बजावतो, "दूर राहा. हे पाणी माझे आहे." ही त्याची धमकी असते. आपण धमकीला मागणी समजतो आणि त्याच्या पोटात बाटल्या, पिशव्या घालतो.

मगरीचेही तसेच. ती काठावर तोंड उघडून दगडासारखी पडून राहते. "जिवंत आहे की मातीची?" असे म्हणून कोणीतरी खडा मारून पाहतो. मगरीचे रक्त आपल्यासारखे सदा ऊबदार नसते. अंग तापवायला ती उन्हात पडते. फार तापले की तोंड उघडून उष्णता बाहेर घालवते. ती आपले काम करीत असते. खडा मारला तर तिचा डोळा जाऊ शकतो.

गज गेले, काच आली

जुन्या काळी प्राणी लोखंडी गजांच्या लहान पिंजऱ्यांत ठेवीत. जंगलात वाघाचा टापू कित्येक चौरस किलोमीटरांचा असतो. त्याला खोलीएवढ्या पिंजऱ्यात घातले तर तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या येरझाऱ्या घालतो. लोकांना वाटते, वाघ रुबाबात फिरतोय. पण सारख्या एकाच वाटेने फिरणे हे बहुधा मन गुदमरल्याचे लक्षण असते.

१९०७ साली जर्मनीत हांबुर्ग शहराजवळ कार्ल हागेनबेक याने नवीन तऱ्हेची बाग उघडली. गज काढून टाकले. जनावर आणि माणूस यांच्यामध्ये खोल चर खणला. जनावराला हिंडायला मोकळी जागा दिली. पुढे ही पद्धत जगभर पसरली. राणीच्या बागेतही अलीकडच्या काळात जुने पिंजरे काढून मोठ्या जागा केल्या आहेत. काही ठिकाणी मध्ये जाड काच आहे.

काच आली, पण सवय गेली नाही. लोक काचेवर थापा मारतात. आपल्या घराच्या दारावर कोणी दिवसभर थापा मारल्या तर आपल्याला कसे वाटेल? जनावराला तर आपल्यापेक्षा तीक्ष्ण ऐकू येते.

पूर्वी राणीच्या बागेत मुलांना हत्तीवर आणि उंटावर बसवून फिरवून आणीत. आजोबांना विचारा, त्यांना ती फेरी आठवत असेल. आता तसे करीत नाहीत. जनावर आपल्या करमणुकीसाठी राबवायचे नाही, हा विचार आता रुजला आहे.

बर्फाविना पेंग्विन

आता सगळ्यांत मोठी गर्दी असते ती पेंग्विनपाशी. पेंग्विन हा पक्षी. पण तो उडत नाही. त्याचे पंख वल्ह्यांसारखे असतात. पाण्याखाली तो माशासारखा सुळकन जातो. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील सोल शहराहून आठ पेंग्विन इथे आणले. त्यांतला एक त्याच वर्षी दगावला. मार्च २०१७ मध्ये लोकांना ते पाहता येऊ लागले.

पुष्कळांना वाटते, पेंग्विन म्हणजे बर्फातला पक्षी. हे पेंग्विन तसे नाहीत. त्यांची जात 'हंबोल्ट'. ते दक्षिण अमेरिकेत पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावर राहतात. तो किनारा कोरडा, खडकाळ आहे. तिथे बर्फ नसते. पण समुद्रातून गार पाण्याचा प्रवाह वाहतो. त्यामुळे हवा थंड राहते. मुंबईची हवा त्यांना सोसवत नाही. म्हणून त्यांच्यासाठी यंत्राने खोली आणि पाणी गार ठेवतात. खोलीत सुमारे १६ ते १८ अंश तापमान असते. परदेशी पाहुणा आणायचा तर त्याची हवा, पाणी, अन्न हे सारे सांभाळावे लागते. त्याला खर्चही मोठा येतो. 'इतका खर्च करावा का?' असा वाद मुंबईत झाला. पाहताना आपणही त्याचा विचार करावा.

झाडांकडेही पाहा

जनावरे पाहण्याच्या नादात लोक झाडांकडे पाहत नाहीत. पण या बागेचे खरे जुने रहिवासी झाडेच. इथे सुमारे तीन हजार झाडे आहेत.

गोरखचिंच पाहा. तिचे खोड रांजणासारखे फुगीर असते, आणि त्यात ती पाणी साठवून ठेवते. ती मूळची आफ्रिकेतली. कैलासपतीचे झाड पाहा. त्याची फुले फांदीच्या शेंड्याला न येता थेट खोडावर येतात. फुलात शिवाच्या पिंडीवर नागाने फणा धरल्यासारखे दिसते. म्हणून त्याला हे नाव पडले. पण झाड आले दक्षिण अमेरिकेतून! उर्वशीचे झाड ब्रह्मदेशातले. तिच्या लाल फुलांचे घोस झुंबरासारखे खाली लोंबतात.

२००७ साली या बागेचे रूप पालटण्याची एक मोठी योजना पुढे आली. तिच्यामुळे जुन्या झाडांना धोका होईल, असे काही मुंबईकरांना वाटले. त्यांत स्त्रिया पुढे होत्या. त्यांनी झाडांची माहिती गोळा केली, लोकांना समजावले, अर्ज केले. शेवटी योजना बदलावी लागली. झाडांना बोलता येत नाही. त्यांच्या वतीने लिहिता-वाचता येणाऱ्या माणसांनी बोलावे लागते.

बागेला लागूनच एक संग्रहालय आहे. ते १८७२ साली उघडले. आज त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. संग्रहालय उभे करण्यासाठी ते झटले होते. तिथे एक मोठा दगडी हत्ती आहे. तो घारापुरी बेटावरचा. १८६४ साली इंग्रजांनी तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला. उचलताना हत्ती पडला आणि फुटला. पुढे १९१४ साली तुकडे जोडून तो उभा केला. मुंबईच्या 'काळा घोडा' भागाला ज्या पुतळ्यावरून नाव पडले, तो पुतळाही १९६५ साली राणीच्या बागेत आणून ठेवला. तोही पाहून घ्या.

मग प्राणी कोंडून का ठेवायचे?

हा प्रश्न मनात आलाच पाहिजे. जंगलातला वाघ जंगलातच शोभतो. पण काही जनावरांचा वंश अशा बागांनी राखला आहे. अरबस्तानात 'ओरिक्स' नावाचे पांढरे, लांब शिंगांचे जनावर होते. शिकाऱ्यांनी १९७२ सालापर्यंत रानातले ओरिक्स संपवले. पण काही जनावरे प्राणिसंग्रहालयांत जिवंत होती. त्यांची वीण वाढवली आणि १९८२ साली ओमान देशात काही ओरिक्स पुन्हा मोकळ्या रानात सोडले. बाग नसती तर ते जनावर आज चित्रातच पाहावे लागले असते.

दुसरा उपयोग आपल्यासाठी. ज्याने वाघ डोळ्यांनी पाहिला, त्याला जंगल राखावेसे वाटेल. मात्र एक अट आहे. प्राणी नीट ठेवला पाहिजे आणि पाहणाराही नीट वागला पाहिजे. नाही तर बाग म्हणजे नुसता तुरुंग.

यासाठी कायदाही आहे. वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा १९७२ साली झाला. १९९१ साली त्यात प्राणिसंग्रहालयांविषयी कलमे घातली. त्याप्रमाणे बागेतल्या प्राण्याला चिडवणे, इजा करणे, खाऊ घालणे, गोंगाट करून त्रास देणे आणि तिथे कचरा टाकणे हा गुन्हा आहे. त्यासाठी कैद किंवा दंड होऊ शकतो. देशातल्या सर्व प्राणिसंग्रहालयांवर देखरेख करायला १९९२ पासून केंद्र सरकारचे एक प्राधिकरण आहे.

बागेत जाताना एवढे करा

बुधवार टाळा. सकाळी लवकर जा.
पाणी बरोबर न्या. रिकामी बाटली परत आणा.
खाऊ खायचा तो जनावरांपासून दूर बसून खा. पिशवी कचऱ्याच्या डब्यात टाका.
मुलाला कठड्यावर बसवू नका.
काचेवर थाप मारू नका. शिट्टी वाजवू नका.
कोणी जनावराला चिडवीत असेल, तर गोड शब्दांत सांगा, "दादा, असं करू नका." न ऐकल्यास रखवालदाराला कळवा.
प्रत्येक पाटी वाचा. ज्याला वाचता येत नाही, त्याला वाचून दाखवा.

मग गावी आल्यावर शेजारी विचारतील, "वाघ पाहिला का?" तेव्हा तुम्ही नुसते "पाहिला" म्हणणार नाही. तो केव्हा झोपतो, केव्हा जागा असतो, काय खातो आणि त्याला काय खायला घालू नये, हे सारे सांगाल. ऐकणाऱ्यांतला एखादा पुढच्या वर्षी मुंबईला जाईल. तो तरी हरणापुढे पिशवी टाकणार नाही.